ल्यूसी विल्स

डॉ. ल्यूसी विल्स (जन्म : सटन कोल्डफील्ड, इंग्लंड, १० मे १८८८; मृत्यू : १६ एप्रिल १९६४) या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. १९२८ ते १९३३ या काळात त्यांनी मुंबई, कुन्नूर व मद्रास येथे गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर संशोधन केले. हा रक्तक्षय आहारातील एका घटकाच्या कमतरतेमुळे होतो आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. हा घटक 'विल्स घटक' या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे तो फोलेट, म्हणजेच ब गटातील एक जीवनसत्त्व असल्याचे निष्पन्न झाले. त्याचे कृत्रिम रूप असलेले फॉलिक आम्ल आज जगभर गरोदर स्त्रियांना दिले जाते. रक्तक्षय हा एकच आजार नसून त्याच्या प्रकारानुसार कारण व उपचार बदलतात, ही गोष्ट प्रस्थापित होण्यात विल्स यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे.

कुटुंब व बालपण

विल्स यांचा जन्म बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड या गावी एका सुखवस्तू व सुशिक्षित कुटुंबात झाला. वडील विल्यम लेनर्ड विल्स हे मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजचे विज्ञान पदवीधर होते. कोयते, विळे यांसारखी धारदार अवजारे बनविण्याचा कौटुंबिक व्यवसाय ते सांभाळीत. आई गर्ट्रूड ॲनी या बर्मिंगहॅममधील एका नामांकित डॉक्टरांच्या कन्या होत्या. ल्यूसी यांचे बंधू लेनर्ड जॉन्स्टन विल्स पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. घराण्यातील आल्फ्रेड विल्स हे न्यायाधीश व गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध होते. निसर्गविज्ञानाची ओढ आणि डोंगरांत भटकण्याची आवड ल्यूसी यांना घरातूनच मिळाली व ती त्यांनी आयुष्यभर जोपासली.

शिक्षण

१९०३ साली विल्स यांनी चेल्टनहॅम लेडीज कॉलेज या शाळेत प्रवेश घेतला. मुलींना विज्ञान व गणित शिकविणाऱ्या त्या काळच्या मोजक्या ब्रिटिश शाळांपैकी ही एक होती. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूविज्ञान यांचा अभ्यास केला. पुरावनस्पतींचे अभ्यासक आल्बर्ट चार्ल्स स्यूअर्ड यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १९११ मध्ये त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रीला केवळ प्रमाणपत्र मिळे. हा नियम १९४८ पर्यंत टिकून होता.

याच सुमारास विल्स यांच्या कुटुंबावर एकापाठोपाठ आघात झाले. १९११ मध्ये वडिलांचे आणि १९१३ मध्ये थोरली बहीण ईडिथ हिचे निधन झाले. १९१३ मध्ये विल्स यांनी आईसह सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, प्रवास केला. पुढील वर्षी त्या दक्षिण आफ्रिकेस गेल्या. तेथे न्यूनहॅममधील त्यांची मैत्रीण मार्गारेट ह्यूम वनस्पतिशास्त्र शिकवीत होती. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा विल्स दक्षिण आफ्रिकेतच होत्या. केप टाउनमध्ये काही आठवडे स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम करून डिसेंबरमध्ये त्या इंग्लंडला परतल्या.

वैद्यकाकडे वळण

जानेवारी १९१५ मध्ये विल्स यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत प्रवेश घेतला. १८७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ब्रिटनमध्ये स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारी पहिली संस्था होती. तिच्या विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण रॉयल फ्री रुग्णालयात मिळत असे. या संस्थेचे भारताशी जुने नाते होते. मुंबईच्या डॉ. रखमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथेच शिक्षण घेतले होते. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयात दीर्घकाळ कार्य करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड याही याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत्या.

१९२० मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी विल्स डॉक्टर झाल्या. त्यांनी खासगी व्यवसाय केला नाही. संशोधन व अध्यापन हा मार्ग निवडून त्या रॉयल फ्री रुग्णालयातच राहिल्या व क्रिस्टीन पिलमन यांच्यासमवेत गरोदरपणातील शरीरक्रियांचा, विशेषतः चयापचयाचा, अभ्यास करू लागल्या. गर्भारपणात शरीराच्या गरजा कशा बदलतात, याविषयी या काळात मिळालेले ज्ञान त्यांना पुढे भारतात उपयोगी पडले.

रक्तक्षयाविषयीचे तत्कालीन ज्ञान

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये असणारे हिमोग्लोबिन फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या सर्व भागांत पोहोचविते. तांबड्या पेशी किंवा हिमोग्लोबिन यांचे प्रमाण गरजेपेक्षा कमी झाले की रक्तक्षय होतो. यालाच पांडुरोग किंवा ॲनिमिया असेही म्हणतात. थकवा, धाप लागणे, छातीत धडधडणे, त्वचा व डोळ्यांच्या आतील भाग फिकट दिसणे ही त्याची लक्षणे होत. रक्तक्षय तीव्र झाल्यास हृदयावर ताण पडतो. प्रसूतीच्या वेळी होणारा थोडासा रक्तस्रावही अशा स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉक्टरांना रक्तक्षयाचे दोन प्रमुख प्रकार चांगले परिचित होते. पहिला लोहाच्या कमतरतेचा. त्यात हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नसल्याने तांबड्या पेशी आकाराने लहान व फिक्या दिसतात. त्यावर लोहयुक्त औषधे लागू पडत. दुसरा प्रकार पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे घातक रक्तक्षय, या नावाने ओळखला जाई. त्यात पेशींची संख्या फार कमी होते, परंतु पेशी नेहमीपेक्षा मोठ्या असतात. या रुग्णांच्या जठरात आम्ल स्रवत नाही व अनेकांच्या मज्जासंस्थेलाही इजा होते. या आजारावर लोहाचा उपयोग होत नसे आणि रुग्ण दगावणे जवळजवळ निश्चित मानले जाई. १९२६ मध्ये बोस्टन येथील जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी रोजच्या आहारात भरपूर यकृत दिल्यास हे रुग्ण वाचतात असे दाखविले. या शोधाबद्दल त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासमवेत १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः उष्ण प्रदेशांत, आढळणारा एक तीव्र रक्तक्षय मात्र या चौकटीत नीट बसत नव्हता. त्यातही पेशी मोठ्या दिसत, म्हणून त्याला गर्भारपणातील घातक रक्तक्षय असे नाव पडले होते. त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

मुंबईतील संशोधन

भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर या १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेत होत्या. ही चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेच्या वतीने चालली होती. हीच संस्था १९४९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, या नावाने ओळखली जाते. बाल्फर यांनी या कामासाठी विल्स यांना बोलाविले आणि १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या. परळ येथील हाफकिन संस्था हे त्यांचे मुख्य कार्यस्थान झाले.

परळ हा भाग गिरणगावाच्या मध्यावर होता. भोवताली कापडगिरण्या व कामगारांच्या चाळी होत्या आणि गिरण्यांमध्ये स्त्री कामगारांची संख्याही मोठी होती. विल्स आल्या त्याच वर्षी गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. पुढील वर्षी मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा संमत झाला. गरोदर कामगार स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक चर्चेत येत असताना विल्स यांनी त्याच्या वैद्यकीय बाजूचा अभ्यास सुरू केला.

केवळ रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासून विल्स थांबल्या नाहीत. निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात व कोणत्या परिस्थितीत राहतात, याची पाहणी त्यांनी तळपदे या सहकाऱ्यांसमवेत केली. १९३० मध्ये ती इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आहार व रक्तक्षय यांचा संबंध या पाहणीतून स्पष्ट झाला. ज्या स्त्रियांचा आहार निकृष्ट, त्यांच्यात गर्भारपणी रक्तक्षय होण्याचे प्रमाण अधिक होते. गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत अपुरा होता व या आजाराची सर्वाधिक झळही त्यांनाच बसत होती. सुस्थितीतील स्त्रियांमध्ये तो क्वचित आढळे. आजाराचे मूळ वंशात वा हवामानात नसून दारिद्र्यामुळे घडणाऱ्या आहारात असावे, असे या पाहणीवरून दिसून आले.

मुंबईतील रुग्णांच्या तपासणीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. या स्त्रियांच्या जठरात आम्ल नेहमीसारखे स्रवत होते. म्हणजे खऱ्या घातक रक्तक्षयाचे एक ठळक लक्षण त्यांच्यात नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त सारखे दिसले तरी आजार निराळा असला पाहिजे, असा निष्कर्ष विल्स यांनी काढला.

कुन्नूर येथील प्रयोग

१९२९ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात विल्स यांनी आपले काम निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत हलविले. तेथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांची आहारविषयक प्रयोगशाळा होती. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली व आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

कुन्नूर येथे विल्स यांनी पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार दिला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला व पिले होण्यापूर्वीच त्या मरू लागल्या. आहारात यीस्ट मिसळले असता मात्र रक्तक्षय टळला. यीस्टमध्ये ब गटातील जीवनसत्त्वे भरपूर असतात, एवढे त्या वेळी ज्ञात होते.

तथापि या प्रयोगात एक अडचण निर्माण झाली. उंदरांच्या अंगावरील उवांमधून बार्टोनेला नावाच्या जंतूंचा संसर्ग पसरला होता आणि या जंतूंमुळेही रक्तक्षय होतो. त्यामुळे रक्तक्षय आहारामुळे किती व संसर्गामुळे किती, हे सांगता येईना. पुढे विल्स व बिलिमोरिया यांनी हाच प्रयोग माकडांवर केला. अपुऱ्या आहारावर ठेवलेल्या माकडांमध्येही मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण झाला व या संशोधनाला भक्कम आधार मिळाला.

यीस्ट-अर्काचा उपचार

प्राण्यांवरील प्रयोगांनंतर विल्स यांनी मुंबईतील रुग्णांवर यीस्ट-अर्काचा उपचार करून पाहिला. त्यासाठी त्यांनी मार्माइट हा बाजारात सहज मिळणारा पदार्थ वापरला. मद्य गाळल्यानंतर उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा हा गडद तपकिरी, खारट व दाट लगदा १९०२ पासून इंग्लंडमध्ये तयार होत होता आणि पावाला लावून खाल्ला जात असे. यीस्ट-अर्काचा तो सर्वांत स्वस्त प्रकार होता.

हा उपचार लागू पडला. मार्माइट दिल्यानंतर रुग्णांच्या रक्तात नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी दिसू लागत. अस्थिमज्जेचे काम पुन्हा सुरू झाल्याची ती खूण होती. पाठोपाठ पेशींची संख्या वाढून रुग्णांची प्रकृती सुधारे. गरोदर नसलेल्या रुग्णांमधील अशाच प्रकारच्या रक्तक्षयावरही, ज्याला उष्ण प्रदेशातील रक्तक्षय म्हटले जाई, हा अर्क गुणकारी ठरला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या प्रारंभी त्यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम केले. हे रुग्णालय आता कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

या उपचाराचे महत्त्व वैद्यकीय तसेच आर्थिकही होते. यकृताचा अर्क महाग होता व गरीब रुग्णांना तो परवडण्यासारखा नव्हता. यीस्टचा अर्क स्वस्त, टिकाऊ व तोंडावाटे देता येण्यासारखा होता.

विल्स घटक

यीस्टमधील नेमक्या कोणत्या द्रव्यामुळे हा गुण येतो, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. यकृताच्या कच्च्या अर्कानेही मुंबईतील रुग्ण बरे होत, त्यामुळे यीस्ट व यकृत यांतील गुणकारी द्रव्य एकच असावे असे वाटणे स्वाभाविक होते. दरम्यान यकृताचे अधिकाधिक शुद्ध अर्क तयार होऊ लागले. खऱ्या घातक रक्तक्षयावर ते उत्तम काम करीत. विल्स यांना आढळले की हेच शुद्ध अर्क उष्ण प्रदेशातील रक्तक्षयावर लागू पडत नाहीत. याचा अर्थ कच्च्या यकृतात किमान दोन निरनिराळे गुणकारी घटक होते. शुद्धीकरणात त्यांपैकी एक टिकत होता आणि दुसरा निघून जात होता. हा दुसरा घटक यीस्टमध्येही होता. १९३७ व १९३८ मध्ये विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. या अज्ञात घटकाला विल्स घटक असे नाव मिळाले.

१९३३ मध्ये विल्स रॉयल फ्री रुग्णालयात पूर्णवेळ परतल्या होत्या. नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात त्या पुन्हा सुमारे दहा आठवडे हाफकिन संस्थेत काम करण्यासाठी आल्या. या खेपेस त्यांनी कराचीपर्यंतचा प्रवास प्रथमच विमानाने केला. पाण्यावर उतरणारे हे विमान टप्प्याटप्प्याने थांबत कराचीला पोहोचले. तेथून त्या समुद्रमार्गे मुंबईस आल्या.

फॉलिक आम्लाचा शोध

विल्स यांनी घटकाचे अस्तित्व दाखविले, परंतु तो वेगळा करण्याचे काम रसायनशास्त्रज्ञांनी केले. माकडे, कोंबड्यांची पिले व सूक्ष्मजीव यांच्या वाढीस लागणारे काही अज्ञात घटक अमेरिकेतील निरनिराळ्या प्रयोगशाळांना आढळले होते व त्यांना वेगवेगळी नावे मिळाली होती. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल व रॉजर विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकापासून एक आम्ल वेगळे काढले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधकांनी ते कृत्रिम रीत्या तयार केले. या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. शुद्ध फॉलिक आम्लाने मोठ्या पेशींचा हा रक्तक्षय बरा होतो हे लवकरच दिसून आले. १९४८ मध्ये यकृतातील दुसरा घटक, म्हणजे घातक रक्तक्षयावर चालणारे ब१२ जीवनसत्त्व, वेगळा करण्यात आला. विल्स यांनी केलेली दोन घटकांची विभागणी अशा रीतीने खरी ठरली.

या संशोधनाला आणखी एक अनपेक्षित फाटा फुटला. फॉलिक आम्लाच्या रचनेत थोडा बदल केल्यास त्याच्या उलट परिणाम करणारी द्रव्ये मिळतात. सुब्बाराव यांच्या गटाने तयार केलेले ॲमिनॉप्टेरिन हे असेच द्रव्य वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर उपचार केले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालापासून कर्करोगावरील औषधोपचारात नवे पर्व सुरू झाले. मेथोट्रेक्सेट हे आजही वापरात असलेले औषध याच गटातील आहे.

युद्धकाळ व उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स यांनी आपत्कालीन वैद्यकीय सेवेत पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम केले. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनीचा उडता बाँब पडला व जीवितहानी झाली. त्यामुळे काही दिवस काम थांबवावे लागले. युद्धकाळातील शिधावाटप आणि गरोदर स्त्रियांना सरसकट लोह देण्याचा हिमोग्लोबिनवर होणारा परिणाम यांचाही त्यांनी अभ्यास केला. युद्ध संपेपर्यंत त्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. रुग्णालयातील पहिला रक्तविज्ञान विभाग त्यांनीच उभा केला. १९४७ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे प्रवास करून त्यांनी तेथील लोकांचे पोषण व रक्तक्षय यांविषयी निरीक्षणे केली. आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे त्या लंडनमधील चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित होत्या. रुग्णालयात त्या सायकलने जात. डोंगरांतील पदभ्रमण व बर्फावरील स्कीइंग हे त्यांचे आवडते छंद होते. उत्साही शिक्षिका, स्वतंत्र वृत्तीची व विनोदबुद्धी असलेली स्त्री अशी त्यांची ख्याती होती. १६ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संशोधनाचे आजचे महत्त्व

पेशींचे विभाजन होण्यापूर्वी डीएनए दुप्पट व्हावे लागते आणि त्यासाठी फोलेट आवश्यक असते. फोलेट कमी पडल्यास अस्थिमज्जेतील पेशी आकाराने वाढतात, पण त्यांचे विभाजन वेळेवर होत नाही. म्हणून तांबड्या पेशी संख्येने कमी व आकाराने मोठ्या होतात. गर्भाच्या वाढीसाठी फोलेटची गरज बरीच वाढते, त्यामुळे अपुऱ्या आहारावर जगणाऱ्या स्त्रीला गर्भारपणातच हा आजार गाठतो. शरीरातील फोलेटचा साठा काही महिन्यांतच संपतो, तर ब१२ चा साठा काही वर्षे पुरतो. हिरव्या पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे व यकृत यांत फोलेट असते. अन्न फार वेळ शिजविल्यास त्याचा मोठा अंश नष्ट होतो.

रक्तक्षयाचा प्रकार ओळखूनच उपचार करावा लागतो. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण असून त्यावर लोहाच्या गोळ्या, लोहयुक्त आहार आणि जंतांचा प्रादुर्भाव किंवा अतिरिक्त रक्तस्राव यांसारख्या मूळ कारणांवर इलाज करतात. फोलेटच्या कमतरतेवर फॉलिक आम्ल देतात. घातक रक्तक्षयात जठरातील विशिष्ट प्रथिनाच्या अभावामुळे अन्नातील ब१२ शोषले जात नाही, म्हणून ते बहुधा इंजेक्शनद्वारे देतात. अशा रुग्णाला केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारलेले दिसते, परंतु मज्जासंस्थेची हानी चालूच राहते. सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्तक्षय आनुवंशिक असून त्यांचे कारण आहारात नसते. हिवताप व दीर्घकालीन आजार यांमुळेही रक्तक्षय होतो.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने फॉलिक आम्लाचा आणखी एक उपयोग सिद्ध केला. मज्जारज्जू व मेंदू यांतील जन्मजात व्यंग असलेले अपत्य आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास असे व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे तीत आढळले. हे व्यंग गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच उद्भवते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रियांना आधीपासूनच फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिकेत १९९८ पासून धान्यपिठात ते मिसळणे सक्तीचे आहे.

भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या एकत्रित गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत या मोहिमेखाली दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी दिली जाते. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परळमध्ये विल्स यांनी ज्या प्रश्नाचा अभ्यास केला, त्याचे औषध आज स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेले अपुऱ्या आहाराचे कारण पूर्णपणे दूर झालेले नाही.

१० मे २०१९ रोजी विल्स यांच्या १३१ व्या जयंतीनिमित्त गूगल या संकेतस्थळाने डूडल प्रसिद्ध करून त्यांना मानवंदना दिली.